ताटाचा नाद

बालकाटीच्या कांसारी गल्लीत कुणालाही विचारा, ताट पास करायचं ते उच्छब साहूनंच. घण मारायला पाच जण, लालबुंद ताट चिमट्यात धरून फिरवायला एक, पण शेवटचा शब्द उच्छबचा. तो फळीवर बसायचा, ताट तीन बोटांवर तोलायचा, काठावर लाकडी दांडी हलकेच मारायचा आणि डोळे मिटायचा. चांगल्या काशाचा नाद लांब जातो, बारीक बारीक होत संपतो. आत तडा असला की बद्द वाजून तिथंच मरतो. तो तडा डोळ्याला दिसत नाही, कानालाच कळतो. त्या फळीवर आधी त्याचा बाप बसायचा.

तर अशा माणसाचा कान फाल्गुनापासून वाजत होता. बारीक, न थांबणारा आवाज.

आधी वाटलं, नदीत बुडी मारली तेव्हा पाणी गेलं असणार. एका पायावर उड्या मारून झाल्या. बायकोनं, कुंतळानं, लसूण टाकून मोहरीचं तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. वर म्हणाली, "माझं बोलणं मात्र एका कानातून आत, दुसऱ्यातून बाहेर. हा आवाजच बरा अडकला!" वैद्य म्हणाला वात आहे, आंबट बंद करा. रात्री पाण्यात भिजवलेल्या पखाळभातावरचं दही गेलं. कंपाउंडरनं वाटाण्याएवढा मळ काढला, दोन दिवस बरं वाटलं. दर वेळी कारण सापडलं की उच्छब खूश व्हायचा. कारण सापडलं म्हणजे जाणार की! साळेत, भट्टीच्या त्या छपराखाली, मात्र कुणाला बोलला नाही. फळीवरच्या माणसाचा कान बिघडला हे कोण सांगेल?

मग एक दिवस एका नवरीचा बाप ताट परत घेऊन आला. भर मांडवात भात वाढताना त्याचे दोन तुकडे झाले होते. मांडवात काशाचं ताट फुटणं म्हणजे केवढा अपशकुन, ते त्यानं शिव्या देत सांगितलं.

"पडलं असेल," उच्छब म्हणाला.

दिवाकर साळेतला थोरला, उच्छबचा चुलतभाऊ. त्यानं तुकड्याची कड त्याच्या डोळ्यांसमोर धरली. "पडून फुटलं असतं तर कड चकचकीत दिसली असती. ही काळी आहे. तडा भट्टीतला आहे. तू पास कसं केलंस?"

दुसऱ्या दिवशी तो शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेला.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं. आवाज आला की बटण दाबा, म्हणाली. तो दाबतच राहिला.

"मउसा," ती काका म्हणावं तसं म्हणाली, "मी अजून आवाज सुरूच केला नाही."

"मग हा कोण वाजवतंय?"

ती हसली नाही. "घणाजवळ किती वर्षं आहात?"

"बारा वर्षांचा होतो तेव्हापासून."

"कानात आत बारीक केस असतात, गवतासारखे. रोज तुडवलं तर गवत झोपतं, मग एक दिवस उठत नाही. तुमच्याकडे वरचे, बारीक आवाज आता पोचतच नाहीत. मग डोकं स्वतःच ते वाजवत बसतं."

"पाणी नाही? मळ?"

"मळानं वाजतो, रक्तदाबानं, काही औषधांनी पण वाजतो. तसं असतं तर बरं झालं असतं."

"गवत परत उगवतं ना?"

"हे नाही उगवत," ती म्हणाली. रबराची दोन बुचं त्याच्या हातावर ठेवली. "घणापासून लांब राहा. नाहीच जमलं तर ही घाला."

परतीच्या बसमध्ये त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ताट बद्द वाजून मरत होतं, पुढचा लांब नाद त्याच्याच कानाचा होता. फाल्गुनापासून त्याच्या हाताखाली एकही ताट नापास झालं नव्हतं! आणि लग्नसराईची चाळीस ताटं गवतात बांधून तयार होती.

सकाळी त्यानं सगळं सांगून टाकलं. दिवाकर चिडेल असं वाटलं होतं.

"इथं कुणाचा वाजत नाही?" दिवाकर म्हणाला. "माझा वीस वर्षं वाजतोय. मला वाटायचं शांतता अशीच असते." बाकीच्यांनी माना हलवल्या. मग ताटं ऐकणार कोण?

बाईनं फळीवर बसायचं नाही, अशी साळेची रीत. ती दिवाकरनंच मोडली. "तुझ्या घरचीला बोलव," एवढंच म्हणाला. कुंतळा पदर नाकापर्यंत ओढून आली. धाकट्या भावाच्या बायकोचं तोंड बघायचं नसतं, म्हणून दिवाकर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तिनं पहिलं ताट वाजवलं, बाजूला ठेवलं. दुसरंही. तिसऱ्याला थांबली. "हे मेलंय."

उच्छबला ते लांबवर ऐकू येत होतं. "नीट ऐक."

"अहो, मेलंय म्हणते ना."

चाळीसातली नऊ मेली. ती फोडून परत मुशीत टाकली. कुंतळा उठताना नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या भावाला सांगा, मी बसेन. पण फळी तळ्यापलीकडे न्या. माझे कान मला हवेत." भिंतीकडे बघत दिवाकरनं मान डोलावली.

उच्छबला फळी नाही, म्हणून बावन्नाव्या वर्षी घण मिळाला. त्यानं बुचं कानात घातली आणि चौथ्या जागी उभा राहिला. पण पाच घणांची पाळी कानानंच कळते. दुसऱ्याच फेरीत त्याचा घण दिवाकरच्या घणावर आदळला.

"मरायचंय का?" दिवाकर ओरडला. "ऐकू येत नाही तुला?"

उच्छबनं बुचं काढली, कमरेच्या गाठीत बांधली आणि घण उचलला.