रिकामा परत न जाणारा क्रेट

मित्रांनो, मी दिसायला फारसा देखणा नाही. अंगभर भोकं, दोन्ही बाजूंना धरायला खाचा आणि उन्हाने उडालेला निळा रंग. मी पेरू वाहणारा एक जुना प्लास्टिकचा क्रेट आहे. टेम्पोत एकावर एक रचलेले माझे भाऊबंद तुम्ही पाहिले असतील आणि मान फिरवली असेल. माझी काही तक्रार नाही. पण माझी हकिकत ऐकलीत, तर पुढच्या वेळी निदान नीट बघाल.

माझा जन्म साच्यात झाला. नवं प्लास्टिक थोडं आणि मोडलेल्या क्रेटांचा चुरा बराच, त्यामुळे मी जन्मलो तोच थोडा जुना होऊन. तिथून आलो इंदापूर तालुक्यातल्या शेळगावला. पुण्यातल्या दुकानांना फळं आणि भाजी पुरवणाऱ्या एका कंपनीने इथे माल गोळा करायचं सेंटर काढलं होतं. ते चालवायची गावातलीच सून, स्वरूपा. तिच्या हाताखाली गावातल्या बायका पेरू निवडायला बसत. त्यांच्या गप्पा ऐकत भरून घेणं हे माझं सगळ्यात आवडतं काम होतं.

आधी हाच माल पुठ्ठ्याच्या खोक्यांतून जायचा. पेरू पुण्यात उतरले की खोकं कचऱ्यात. गरज सरो, वैद्य मरो! शिवाय जरा ओल लागली की तळ सुटायचा आणि पेरू रस्त्यावर गडगडायचे. माल कसा जातो आणि कसा येतो, हे बघणारे कंपनीचे ज्ञानेश साहेब बारामतीच्या ऑफिसात बसायचे. मूळचे जवळच्याच निरवांगीचे. त्यांना ही नासाडी बघवेना. त्यांनी वरिष्ठांशी वाद घालून आम्हाला आणलं. आम्ही शेतात भरायचं, पुण्यात रिकामं व्हायचं, बारामतीजवळच्या शेडमध्ये अंघोळ करायची आणि पुन्हा शेळगावला यायचं. अंघोळीचं पाणीसुद्धा गाळून पुन्हा वापरत आणि शेवटी शेडमागच्या झाडांना सोडत. किती विचार केला होता त्या माणसाने! एकदा वापरून कुणी मला फेकणार नाही, हे कळल्यावर मला माझाच अभिमान वाटू लागला.

पण गाडं अडलं ते परतीच्या वाटेवर. बागवाले तोडणीच्या वेळी दोन क्रेट जास्तच न्यायचे. भरलेले सेंटरवर यायचे आणि उरलेले रिकामे घरीच राहायचे. का म्हणाल, तर आपल्याकडची रीत. शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत द्यायचं नसतं. चिमूटभर साखर, मूठभर दाणे, काहीतरी घालूनच द्यायचं. आणि या बायकांच्या लेखी मी कंपनीचं भांडं होतो. आज घरात द्यायला काही नाही, उद्या बघू, असं करत मी पेरूची बाग असलेल्या म्हाताऱ्या दगडाबाईंच्या पडवीत मुक्कामाला पडलो.

आता घरात बसलेल्याला घर काम लावणारच. माझा एक भाऊ अंघोळीचं स्टूल झाला. दुसऱ्यात लसूण टांगला गेला. तिसरा पोरांची गाडी होऊन गल्लीभर फरफटला. माझ्यात दगडाबाईंनी गवत अंथरलं आणि त्यांची खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली. आयत्या बिळावर नागोबा! मी हललो तरी ती चोच मारायची.

तिकडे बारामतीत क्रेट कमी पडू लागले. वरिष्ठांनी ज्ञानेश साहेबांना बजावलं, की हंगाम सुरू होण्याआधी शेळगावचे क्रेट आले नाहीत तर पुन्हा खोकी सुरू करू आणि तिथलं सेंटर बंद. साहेबांनी स्वरूपाला तसं कळवलं. सेंटर गेलं तर निवडणाऱ्या बायका घरी बसणार आणि बागवाल्यांना एकेक खेप बारामतीच्या मार्केट यार्डात न्यावी लागणार. तिने दवंडी पिटल्यासारखं घरोघर सांगितलं, "क्रेट द्या बायांनो, न्हायतर आपलं सेंटर जातंय!"

गाव सेंटरसाठी धावलं. दोन दिवसांत क्रेटांचा ढीग लागला. पण रीत ती रीत. कुणी तळाशी ज्वारी पसरलेली, कुणी भुईमुगाच्या शेंगा, कुणी नारळावर हळदकुंकू वाहिलेलं. स्वरूपाला वाटलं, एवढ्या मायेने दिलेलं आपण कसं काढून घ्यावं? कंपनीला दिलंय, कंपनीकडे जाऊ दे. तिने टेम्पो तसाच धाडला.

बारामतीच्या शेडमध्ये काय झालं ते माझ्या भावांनी मला नंतर सांगितलं. उतरवणाऱ्यांनी नारळ तेवढे बाजूला काढले, बाकी क्रेट तसेच यंत्रात ढकलले. कुंकवाने पाणी लाल झालं. शेंगा जाळीत अडकल्या, ज्वारी भिजून फुगली आणि धुण्याचं यंत्र धापा टाकत बंद पडलं. क्रेट धुवायचं सोडून माणसं ज्वारी उपसत बसली.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेश साहेब स्वतः आले. चेहरा उतरलेला. ते स्वरूपाला म्हणाले, "वहिनी, आता माझ्या हातात काही राहिलं नाही. वरून खोक्यांची ऑर्डर जायच्या बेतात आहे." स्वरूपाचे डोळे भरले. ती म्हणाली, "साहेब, लोकांनी वाईट भावनेनं न्हाय केलं. चला, तुमीच बघा." आणि ती त्यांना थेट दगडाबाईंच्या पडवीत, माझ्यासमोर घेऊन आली.

साहेबांनी मला ओळखलं आणि हात पुढे केला. कोंबडीने खुर्रर्र केलं.

"हात लावू नगा!" दगडाबाई ओरडल्या. "पिलं निघाल्याबगर तिला उठवायची न्हाय. बसा, च्या घ्या."

"आजी, क्रेट कंपनीचा आहे हो."

"मग मी कुठं माझा म्हणतीय? पर रिकामं भांडं कसं द्यायचं? तुमच्या आईनं तुमाला शिकवलं न्हाय व्हय?"

साहेब चहाचा कप हातात घेऊन ओट्यावर टेकले. मग एकदम हसले. "शिकवलंय की. आमच्या आईकडं शेजारणीचं भांडं आलं, की ती आधी आतलं काढून घेते आणि मगच भांडं ठेवते."

स्वरूपाने डोक्यावर हात मारून घेतला. "अगं बाई! म्हंजी घेणाऱ्यानं काढून घ्यायचं असतं! मीच न्हाय काढलं."

"तुम्ही नाही आणि आम्हीही नाही. सेंटर म्हणजे शेजारीण. भरलेलं घ्या, पिशवीत ओता आणि रिकामं आम्हाला द्या. रीत पण राहील आणि यंत्र पण."

तेवढ्यात दगडाबाईंनी टोमणा मारला. "आमी भरून द्येतो ते बरं दिसतं. तुमचा टेम्पो मातुर आमच्याकडं कायम रिकामा येतो, त्याचं काय?"

साहेब हसायचे थांबले. खरंच होतं ते. येताना टेम्पोत आमच्यासारखी हलकी, भोकाभोकांची पोरंच तेवढी असायची, पण डिझेल व्हायचं ते व्हायचंच. कंपनीवाले पुण्याला नासलेल्या भाजीचं खत करायचे आणि ते आमच्याच भागात विकायला दुसरी गाडी वेगळी धावायची. खत याच टेम्पोतून धाडा, असं साहेब तिथेच ओट्यावरून पुण्याच्या माणसांशी फोनवर बोलत राहिले. बोलणं झाल्यावर त्यांनी वरिष्ठांना आणखी एक फोन लावला आणि ऑर्डर थांबवायला सांगितली. "शेळगावचे सगळे क्रेट येतील," ते म्हणाले. "एक जरा उशिरा येईल. तो कामावर आहे."

मित्रांनो, तो मी! माझा ऊर भरून आला. माणसांनी मला वस्तू म्हणून वापरलं होतं, पण कामावर आहे असं माझ्याबद्दल आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

गावाने साहेबांचा शब्द राखला. बायका उरलेले क्रेट भरून घेऊन येऊ लागल्या. स्वरूपा हसून आतलं ओतून घ्यायची आणि ज्वारीच्या त्या पिशवीतून निवडणाऱ्या बायकांची आणि ड्रायव्हरची दुपारची भाकरी होऊ लागली. टेम्पोही आता खताच्या गोण्या घेऊन यायचा, त्यांच्या डोक्यावर क्रेट रचलेले. वेगळी गाडी बंद झाली. पहिली गोणी दगडाबाईंच्या बागेत उतरली, तेव्हा त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "आता कसं, शेजाऱ्यावाणी आलास!"

आणि माझं? पिलं निघाली. चिवचिवाट नुसता! त्यांनी केलेल्या घाणीबद्दल मी काही बोलत नाही. दगडाबाईंनी मला कालव्याच्या पाण्यात घासून लख्ख केलं, माझ्यात पिकलेले पेरू भरले आणि वय झालेलं असूनही स्वतः डोक्यावर घेऊन सेंटरवर आल्या. हंगामाचा पहिला टेम्पो सुटायला उभा होता. स्वरूपाने पेरू काढून घेतले, मला थप्पीत सगळ्यांच्या वर ठेवलं आणि साहेबांना फोनवर सांगितलं, "साहेब, शेवटचा बी आला. आपलं सेंटर ऱ्हायलं!" निवडणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. दगडाबाई टेम्पोच्या फळीला हात लावून मला म्हणाल्या, "जा बाबा. हितं बसून तुझं काय भलं व्हायचं न्हाय."

केवढं शहाणं बोलल्या त्या! त्यांनी मला नीट सांभाळलं होतं, ऊन लागू दिलं नव्हतं, तरी माझं खरं भलं टेम्पोत चढण्यातच होतं. फिरत राहिलो म्हणून कितीतरी खोकी कचऱ्यात जायची वाचली आणि कितीतरी बायकांच्या हाताला काम राहिलं.

तेव्हा मित्रांनो, एवढं माझ्यासाठी करा. आज घरी गेलात की माळ्यावर, पलंगाखाली, दाराआड जरा बघा. कुणाचा डबा, कुणाचं पुस्तक, कुणाची छत्री तिथे पडून असेल. ती वस्तू धुवा, पुसा, रिकामी देववत नसेल तर चिमूटभर साखर घाला, पण आजच्या आज परत द्या. तुमच्याकडे ती नुसती पडून आहे, आणि तिकडे कुणाचं तरी काम तिच्यावाचून अडलेलं आहे.