रिकाम्या बॅगेचं वजन

घरीदारी तिला शून्यताईच म्हणत, कारण अकरा वर्षं ती रिकाम्या अवकाशाच्या मागे लागली होती. रिकामी जागाही रिकामी नसते, तिच्यात ऊर्जा खदखदत असते. ती किती, हे ताईनं काढलं, तर उत्तर प्रत्यक्षापेक्षा एकावर एकशेवीस शून्यं इतक्या पटीनं जास्त आलं. एवढी ऊर्जा असती तर विश्वाच्या केव्हाच चिंधड्या उडाल्या असत्या. मग ताईनं भौतिकशास्त्रज्ञांच्या जमातीची जुनी चलाखी केली. रिकाम्याचं सगळं वजा केलं आणि मोकळी झाली.

आता त्यावर परगावी परीक्षकांपुढे व्याख्यान होतं. जमलं तर कायमची नोकरी, नाही तर घरी बसून मामाचे सल्ले ऐकायचे.

विमान चिमुकलं, पंधरा किलोंवर सामान घेतच नसत. ताईनं आईची रिकामी लाल बॅग काट्यावर ठेवली, काटा शून्यावर आणला आणि भरायला घेतलं.

"अगं, बॅगेचं वजन?" आठवडाभर कवळी शोधणाऱ्या आईनं बोळक्या तोंडानं विचारलं.

"रिकाम्याचं धरायचं नसतं गं!"

विमानतळावरच्या काट्यानं साडेअठरा दाखवले.

"त्यात साडेतीन तर नुसती बॅग आहे!"

"मग ती काय विमानामागून चालत येणार?" काउंटरवरची बाई म्हणाली.

ताईच्या ध्यानात आलं, उद्या परीक्षक हेच विचारणार! इतर प्रयोगांत फक्त फरक मोजतात, तिथे वजाबाकी खपते. गुरुत्वाकर्षण मात्र असेल त्या सगळ्याचं वजन धरतं.

तिनं बॅगेतली चादर पसरली, गाठोडं बांधलं. बरोबर पंधरा! बॅग बाईच्या गळ्यात मारून ती पळाली.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी तेच विचारलं, वजा केलेलं गेलं कुठे?

"सर, वजा केलं म्हणजे मी नुसतं लपवलं होतं," ताई म्हणाली. "खरं वजा करायचं तर कुठेतरी सोडून यावं लागतं, आणि विश्वाबाहेर काउंटर नाही. उत्तर मला ठाऊक नाही. चूक कुठे आहे, ते मात्र कळलंय."

परीक्षक खो-खो हसले. इतक्या वर्षांत हे कबूल करणारं कुणी भेटलं नव्हतं म्हणे. नोकरी मिळाली.

ताईनं आनंदानं आईला फोन लावला.

"गुणाची माझी पोर! आणि बॅग?"

"ती... सोडून आले. रिकामीच तर होती."

"रिकामी कसली, मेले! आत्ता आठवलं, तिच्या चोरकप्प्यात माझी कवळी आहे!"