बाटलीवरची काकवी

मी काकवी बोलतेय. बाटलीतली नव्हे, बाटलीवरची. म्हणजे तो काळसर गोड पाक नव्हे, त्याचं नाव. नावाला कसला आलाय राग, असं म्हणाल तर आधी माझं ऐकून घ्या.

माझं मूळ कुणालाच धड सांगता येत नाही. शेजारच्या भाषेत माझ्यासारखीच एक आहे. कोण कुणाकडून आलं ते आम्हालाही ठाऊक नाही. एक मास्तर म्हणाले, "काक म्हणजे कावळा. काळी म्हणून काकवी!" अहो, माझा पाक जरा उजेडात धरून बघा तरी! तांबूस दिसतो तो. पण शहाण्यांना कोण सांगणार?

मूळ राहू दे, अर्थ तर पक्का होता. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळायचा, वरचा मळ काढत राहायचं. पाण्यात थेंब टाकल्यावर त्याची गोळी वळली की गूळ झाला. त्याच्या जरा आधी, रस घट्ट पण वाहता असताना उतरवायचा, ती काकवी. सगळं गाव जिला आत्या म्हणतं, ती तशी करायची. भट्टीपाशी उभी राहून घामाघूम व्हायची आणि झाऱ्यावरून धार सोडून म्हणायची, "झाली गं बाई काकवी!" तिच्या तोंडून निघताना मला कधी लाज वाटली नाही.

मग तिचा भाचा धंद्यात शिरला. त्यानं कारखान्यातून मळी आणली. साखर काढून घेतल्यावर उरतो तो काळा, कडवट पाक, गुरांच्या खाद्यात घालतात तो. मळीवर माझा राग नाही. मळावरून आलेलं नाव ती बिचारी उघड सांगते, आपलं काम करते. पण या दिवट्यानं तिला बाटल्यांत भरलं आणि वर मला चिकटवलं!

आत्या कडाडली, "अरे, हे काय केलंस?"

"आत्या, नावात काय असतं? काळं आहे, चिकट आहे, खपतंय."

पहिली बाटली गेली बेकरीवाल्याकडे. त्यानं बोट बुडवून चाटलं आणि थू थू करत ओरडला, "आजपासून काकवीचं नाव काढायचं नाही इथं!"

वा रे न्याय! केलं कुणी, आणि शिव्या कुणाला!

चार दिवसांनी आत्या ताज्या पाकाचं मडकं घेऊन त्याच्याच दुकानात गेली. वर्षाचा सगळा ऊस उकळून झाला होता, आणि घरी भरून ठेवलेला एवढा पाक घेणारं दुसरं गिऱ्हाईक गावात नव्हतं. तिनं मला ओठांवर आणलं आणि गिळून टाकलं. नुसतंच म्हणाली, "चाखून तर बघा." माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं.

त्यानं पावाचा तुकडा बुडवून खाल्ला. डोळे मिटले. आणखी एक तुकडा बुडवला. "अहाहा! काय म्हणतात हो याला?"

आत्या घुटमळली. मग म्हणाली, "काकवी."

"मग त्या बाटलीत काय होतं?"

"माझ्या भाच्याची अक्कल."

तो खो खो हसला. "सगळं घेतो. पण नाव बदला बाई. उसाचा मध म्हणा. काकवी म्हटलं की लोक पळतील."

मध! मधमाशांनी तरी हे ऐकून घेतलं असतं का? आत्यानं मडक्यावर झाकण ठेवलं. "मग राहू दे. सगळा हंगाम माझ्या अंगावर पडला तरी चालेल. मी माझ्या हातानं काकवी केलीय."

आणि निघाली की! तिची पावलं कोपऱ्यापर्यंत गेली. तेवढ्यात पिठाच्या हातांनी बेकरीवाला रस्त्यावर धावत आला आणि भर बाजारात ओरडला, "ओ आत्या! थांबा! काकवी द्या! काकवीच द्या!"

किती दिवसांनी कुणीतरी मला खऱ्या अर्थानं हाक मारली होती.

पण भाच्याच्या बाटल्या अजून फळ्यांवर आहेत, आणि त्यांच्यावर मी डिंकानं जखडलेली आहे. तुमच्या घरी आली असेल एखादी, तर झाकण उघडा, चाखा. आत मी नसेन, तर निदान वरची चिठ्ठी ओढून मला सोडवा.