सुंदराबाईंची पांढरी साडी

गोधडी शिवायला बसलं की घरातलं एकेक माणूस आठवतं. कोणाची साडी, कोणाचा सदरा, कोणाचं धोतर. आणि कोणाला आठवायचं नाही, तेही गुपचूप तेव्हाच ठरतं. लालबागच्या कमलताईंच्या घरात त्या दुपारी फरशीवर हेच चाललं होतं, पण त्यांना विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, "छे हो, नातवंडासाठी गोधडी शिवतेय!"

सून माया बाळंतपणाला अँटॉप हिलला माहेरी गेली होती. दिवस भरत आले होते. चाळ पाडून तिथे टॉवर झाला, लिफ्ट आली, पण मजल्यावर कोणाकडे पाळणा हलायचा झाला की बायका अजून कमलताईंचंच दार वाजवत. त्यांची गोधडी म्हणजे अखेरचा शब्द. शिकवतानाही कडक! नवं कापड धुतल्याशिवाय गोधडीत जायचं नाही. साडीचा फॉल, जाड शिवण, सगळं आधी उसवायचं. थर पसरले की कडा ओढायच्या नाहीत, तळहाताने मधून बाहेर सळ काढत जायचं. मग लांब लांब कच्चे टाके घालायचे, म्हणजे थर एकमेकांवरून सरकत नाहीत. त्यानंतर बारीक धावदोरा, कडेने सुरू करून फेर घेत घेत मध्यापर्यंत. आणि दोऱ्याची गाठ थरांच्या पोटात लपवायची. "बाळाच्या अंगाला गाठ टोचली तर ते सांगणार आहे का तुम्हाला?" असं त्या दरडावायच्या.

आता स्वतःच्याच गोधडीला मात्र एक थर कमी पडत होता. खाली त्यांच्या आईची फुलाफुलांची साडी होती, तिच्यावर गिरणीत राबलेल्या सासऱ्यांचं धोतर आणि सगळ्यात वर कमलताईंची स्वतःची फिकट पिवळी सुती साडी. आणखी सुती कापड घरात नव्हतं. गेली कित्येक वर्षं त्या सिंथेटिकच नेसत होत्या. धुवायला सोपी ना!

कापड नव्हतं म्हणजे, होतं. मुलगा हितेंद्र आदल्या रविवारी सासरहून पिशवी घेऊन आला होता.

"मायाच्या मम्मींनी दिलीय साडी. म्हणाल्या, बाळाला दोन्ही आज्यांची ऊब मिळू दे."

"ठेव तिथे."

"घालशील ना, आई?"

"बघते. पुरत नसेल तर घालते."

कमलताईंनी पिशवी उघडून पाहिली होती. विहीणबाईंची, सुंदराबाईंची, पांढरी सुती साडी, बारीक निळ्या काठाची. धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. बाळाच्या गोधडीला याहून मऊ कापड मुंबईभर हिंडून मिळालं नसतं. हे बोटांना लगेच कळलं. पण बोटांना कळलेलं सगळंच माणूस मान्य करतो असं नाही.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "लहान जिवाच्या अंगाखाली पांढरं घालावं का? बरं दिसत नाही ना?"

दगडूभाऊ क्रिकेट बघत होते. "हं," ते म्हणाले. कमलताईंना तेवढा कौल पुरला. पिशवी कपाटावर गेली आणि त्या हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन नवंकोरं मरून रंगाचं सुती कापड घेऊन आल्या. धुवायला हवं होतं. पण बाहेर ढग होते, वाळणार कधी आणि शिवणार कधी? साऱ्या मजल्याला दरडावणाऱ्या बाईने ते कोरं कापड तसंच पिवळ्या साडीखाली सरकवलं आणि सुई चालवायला घेतली.

त्याच संध्याकाळी मायाचा फोन आला. "आई, मम्मीची साडी पुरली का हो?"

"पुरली गं. मधोमध घातलीय."

खोटं इतकं पटकन निघालं, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

मुलगी झाली. कमलताईंनी पेढे वाटले, गोधडी घडी करून हितेंद्रबरोबर पाठवली आणि बाळ-बाळंतीण घरी येण्याची वाट बघत बसल्या. पण चार दिवसांनी हितेंद्र एकटाच आला. हातात गोधडी. त्याने ती पलंगावर पसरली.

पिवळ्या साडीवर मरून रंगाचे डागच डाग फुटले होते. आतलं कोरं कापड पाण्यात आटलं होतं आणि त्याने वरखालचे थर ओढून घेतले होते. सगळ्या गोधडीला सुरकुत्या पडल्या होत्या.

"बाळाला द्यायच्या आधी मम्मींनी धुतली," हितेंद्र म्हणाला. "त्या काहीच बोलल्या नाहीत. मायाने विचारलं. मम्मीची साडी पांढरी होती, मग हा रंग आला कुठून?"

"त्यांचा साबण कडक असेल."

"आई."

एवढंच म्हणाला तो. मग स्टूल घेऊन त्याने कपाटावरून पिशवी खाली काढली, गोधडीशेजारी ठेवली. "माया म्हणाली, ज्या घरात माझ्या आईच्या कापडाला जागा नाही, तिथे मी मुलीला घेऊन येणार नाही. आणि मला विचारशील तर तिचं बरोबर आहे."

तो गेला. दार उघडंच राहिलं आणि त्यातून समोरच्या बकुळाबाई आत आल्या. साऱ्या परळ-लालबागचे ब्लाऊज शिवून हात बसलेली बाई. माहेर मालवणचं, जीभही तिथलीच.

"काय गो, हितू असा तोंड पाडून लिफ्टमध्ये शिरला तो?" मग त्यांची नजर पलंगावर गेली. "अगो बाई! ह्यां तुझ्या हातचा? कोरं कापड न धुता घातलंस? तू?"

कमलताईंनी सगळं सांगितलं. म्हणजे सोयीचं तेवढं. "पांढरी होती गं त्यांची साडी. पोरीच्या अंगाखाली पांढरं घालायला जीव धजेना."

बकुळाबाईंनी टेबलावरची कात्री उचलली, गोधडीची कड वीतभर उसवली आणि आतलं धोतर चिमटीत धरून बाहेर ओढलं. "आणि ह्यां काय? सासऱ्याचा धोतर. काय हिरवागार होता काय?"

कमलताई धोतर परत आत सारू लागल्या.

"हा पांढरा चालला. तो पांढरा नाय चालला. पांढऱ्याचं नाव माका सांगू नको, कमल. खरं कारण काय ते सांग."

"असलं काही नाही हं!" कमलताई उसळल्या. "आम्ही जातपात मानत नाही. मानत असतो तर लग्न लावून दिलं असतं?"

"लग्नाच्या हॉलमध्ये सगळेच मानत नाय गो. फोटोत सगळे हसतात. फरशीवर आपली कापडं पसरली की खरं कळतं." बकुळाबाई पलंगाच्या कडेला बसल्या. आवाज उतरला. "सुनेला घरात घेतलंस, फार चांगलं केलंस. पण तिची आई कपाटावर टाकलीस. आता त्या नातीत निम्मा जीव त्या बाईचा आहे. तो निम्मा कुठे ठेवशील? कपाटावरच?"

कमलताईंचा हात नकळत पिशवीकडे गेला. साडी बोटांना लागली मात्र, आणि त्यांनी ती बाहेर ओढून मांडीवर घेतली. याच बोटांना पहिल्याच दिवशी कळलं होतं! मऊपणा कळला होता, आणि तरी त्यांनी ती वर फेकली होती. रंगामुळे नाही, शुभ-अशुभामुळे नाही. ज्या बाईने ती नेसली, तिच्यामुळे! अरे देवा, काय केलं मी हे! मी स्वतःला चांगली बाई समजत होते!

"मी येऊ सोबत?" बकुळाबाईंनी विचारलं. कमलताईंनी गोधडी आणि साडी काखेत मारून पायात चपला सरकवल्या होत्या.

"नको. खोटं मी एकटी बोलले."

अँटॉप हिलला सुंदराबाईंनी दार उघडलं. हातात पळी, कपाळावर घाम. आतल्या खोलीत माया बाळाला घेऊन बसली होती. तिने पाहिलं, पण उठली नाही.

"या," सुंदराबाई म्हणाल्या. बसायला सांगितलं नाही.

कमलताई उभ्या उभ्याच बोलल्या. टॅक्सीत चार वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरल्या. "विहीणबाई, साडी मी घातली नाही. घातली म्हणून खोटं सांगितलं. पांढरी म्हणून नाही घातली असं मी घरात म्हणत होते. ते पण खोटं. तुमची होती म्हणून नाही घातली."

आत बाळ चुटूचुटू दूध पीत होतं, तेवढा आवाज.

"मला माहीत होतं," सुंदराबाई म्हणाल्या. "हितेंद्रच्या हातात देतानाच मन सांगत होतं. तरी दिली. म्हटलं, नातीसाठी एकदा विचारून बघावं. साखरपुड्याला तुमचा उपास निघाला. डोहाळजेवणाला पण उपासच. माझ्या घरात पाऊल टाकलं की तुमचे देव कसे बरोबर उपाशी राहतात हो?"

कमलताईंची मान खाली गेली.

"आज आहे का उपास?"

"नाही. आज नाही."

"मग आधी जेवा. बाकीचं नंतर."

बोंबलाचं कालवण आणि भात होता. कमलताई पाटावर बसल्या आणि पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला जित्याची खोड बाहेर आली. "छान झालंय. फक्त दोन आमसुलं पडली असती ना..."

क्षणभर सुंदराबाई बघत राहिल्या. मग फस्सकन हसल्या. "बघा, जेवायला घातलं तर नावं ठेवतात! तुमच्या कोकणातली आणा पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी! कमलताईंनी ताट पुढे करून आणखी भात मागून घेतला.

जेवणं झाली आणि दोघी गोधडी घेऊन जमिनीवर बसल्या. टाका टाका उसवला, मरून कापड काढून टाकलं, उरलेले थर सारखे केले. कमलताईंनी पांढरी साडी उलगडली आणि धोतरावर, पिवळ्या साडीच्या खाली अंथरायला घेतली. सुंदराबाईंनी त्यांचा हात धरला.

"आत नाही. वर."

"अहो, वर पांढरं लगेच मळेल. पोर मुतणार, ओकणार..."

"मळलं तर धुवू. धुऊन धुऊनच तर एवढी मऊ झालीय ती. बाबासाहेबांच्या जयंतीला मी ही साडी नेसून उजळ माथ्याने रस्त्यावरून चालले आहे. पिवळीखाली लपवायला नाही दिली."

कमलताईंनी साडी उचलली आणि सगळ्यात वर पसरली. तळहाताने मधून बाहेर सळ काढत नेली. समोरून सुंदराबाईंचाही तळहात सरकत आला.

"तुमचे टाके लांब पडतात हो," थोड्या वेळाने कमलताई म्हणाल्या.

"तुमचे बारीक, पण सांगताय मोठ्याने."

आतून हसू ऐकू आलं. माया बाळाला घेऊन दारात उभी होती. डोळे ओले होते, तरी आवाज सरळ होता. "आई, रविवारी येऊ आम्ही. मम्मी-पप्पापण येतील. जेवायला."

"येऊ देत की! घर त्यांचंही आहे."

"हे बोलणं सोपं आहे, आई. मी बघणार आहे."

"बघ," कमलताई म्हणाल्या. "बघच तू. माझं चुकलं तर तोंडावर सांग."

रविवारी मजल्यावरच्या बायका बाळ बघायला लोटल्या. नेहमीप्रमाणे आधी बाळाचं नाक कोणावर गेलंय यावर वाद झाला आणि मग गोधडीची पाहणी. मालनवहिनींनी भुवई उंचावली. "कमलताई, वर पांढरं घातलंत? कोणाची हो साडी?"

सुंदराबाई तिथेच खुर्चीवर चहा घेत होत्या. बकुळाबाईंनी कप बशीत ठेवला.

"माझ्या विहीणबाईंची," कमलताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आमच्या घरातली सगळ्यात मऊ साडी. आणि हे लांब टाकेही त्यांचेच. मी शिकवतेय, ऐकत नाहीत."

मंडळी, आपण आंतरजातीय लग्नाला जाऊन अक्षता टाकतो, पंगतीत जेवतो आणि सुधारलो म्हणून घरी येतो. पण घरी आल्यावर एकदा कपाटावर हात फिरवून बघावा. तिथे एखादी पिशवी नाही ना? कोणाच्या हातचं पाणी टाळायला काढलेला उपास, कोणाचं कापड टाळायला शोधलेला शकुन? माणूस आपला मानला, की त्याचे आईबाप, त्यांचं ताट, त्यांचं कापडही आपलं मानावं लागतं. तेही चारचौघांत, उघड्यावर. मनातल्या मनात मानून भागत नाही. जात अशीच उसवावी लागते, आपल्या हाताने, एकेक टाका करत. हात दुखतो. पण त्यानंतर जे शिवून होतं, त्यावर लेकरू निवांत झोपतं!