माणग्याची टोपी

समोरचा माणूस गप्प बसला की माझ्या पोटात दुखायला लागतं. आमोण्यात बसस्टॉपच्या मागे माझं शिवणाचं दुकान आहे. ब्लाउजचं माप द्यायला आलेली बाई माप संपेपर्यंत सासूपासून सांबारापर्यंत सगळं सांगून मोकळी होते. मी विचारते म्हणून सांगते. आमचे हे म्हणतात, "सुलोचना, तुझी कात्री कापडात आणि नाक दुसऱ्याच्या टोपात." म्हणू देत. टोपात काय शिजतंय ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तर अशा माझ्या दुकानात रत्ना तिच्या लेकीला, साक्षीला घेऊन आली. रत्ना मूळची गडहिंग्लजकडची. तिचा नवरा मारुती गवंडी, गेल्या वर्षी कामासाठी इथे बिऱ्हाड घेऊन आला. साक्षी दुसरीत. दोन वेण्या वर दुमडून लाल रिबिनींत बांधलेल्या, डोळे टपोरे, आणि ओठ असे घट्ट मिटलेले की आत खडीसाखर धरून ठेवली असावी.

"नाव काय गो बाय तुझं?"

गप्प.

"मावशी, ती भाईर बोलत न्हाई," रत्ना म्हणाली. "घरात तोंड मिटत न्हाई. पण उंबऱ्याभाईर पाऊल टाकलं की संपलं. शाळेत वरीस झालं, कुणी आवाज ऐकला न्हाई तिचा."

"का म्हणून?"

रत्नाने पदर तोंडाशी धरला. शाळेत पहिल्याच दिवशी हजेरीला साक्षी "हाय" म्हणाली. पोरं हसली. टीचरने पुन्हा विचारलं तर "व्हय" म्हणाली. पोरं आणखी हसली. मधल्या सुट्टीत तिच्यामागे "हाय व्हय, हाय व्हय" करत अख्खी पलटण फिरली. त्या दिवसापासून पोरीने तोंडाला कुलूप घातलं.

मला असा राग आला! आमची पोरं घरात कोकणी बोलतात, शाळेत मराठी, भांडताना दोन्हीची खिचडी करतात, आणि ती दुसऱ्याच्या बोलीला हसणार! एकेकाचा कान पिळायला हवा होता. पण वर्ष उलटून गेलं होतं, कुणाकुणाचे पिळणार?

रत्नाचं काम वेगळंच होतं. शाळेच्या संमेलनात वेशभूषा होती. हर्षा टीचरने साक्षीला झाड दिलं, कारण झाडाला बोलावं लागत नाही. बिचारीने पोरीची सोयच बघितली होती. पण साक्षीने घरी जाऊन पाय आपटले. तिला झाड नको होतं, माणगें व्हायचं होतं. मगरीला आम्ही माणगें म्हणतो.

"टीचर व्हय म्हणाल्या," रत्ना म्हणाली. "पण माणग्याला दोन वाक्यं बोलावी लागत्यात. ही न्हाई बोलली तर त्या मागनं बोलणार." मग तिने आवाज खाली आणला. "मावशी, एकदा तरी त्या पोरांम्होरं तिनं तोंड उघडावं बघा. न्हाईतर ती कायमची अशीच ऱ्हाईल. मला लई भ्या वाटतं."

"माणगेंच का पण?" माझं पोट दुखायला लागलंच होतं.

साक्षीने आईच्या कानाशी तोंड नेलं. कुजबुज झाली. रत्नाने सांगितलं, की नदीपलीकडच्या एका गावात मारुतीचं काम चालू होतं तेव्हा साक्षीने ते बघितलं होतं. पलीकडे पौषातल्या अमावास्येला शेताच्या बांधावर चिखलाचं माणगें करतात, त्याच्या पाठीवर शिंपल्या खोचतात, फुलं वाहतात, नारळ फोडतात. आम्हाला त्यात नवल नाही. पण साक्षी म्हणे तिथून हलायलाच तयार नव्हती.

"एवढं काय बघितलंस त्यात?" मी विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं, आईच्या कानाकडे बघितलं, आणि सांगायचं नाही असं ठरवलं. मला त्या रात्री जेवण गोड लागलं नाही.

माणगें मी कधी शिवलेलं नव्हतं. पणजीला माझी भाची स्नेहा ऑफिसात असते, तिला फोन केला. तिने इंटरनेटवरून पॅटर्न छापून घेतला आणि कागदांचा गठ्ठा बसच्या कंडक्टरकडे दिला. माणगें मिळालं नव्हतं, ड्रॅगन मिळाला होता. मी कागद कागदाला चिकटवत गेले, तसा तो माझ्या मशीनपासून दारापर्यंत पसरला. सात वर्षांचं पोर असं वर लिहिलं होतं खरं, पण कुठल्या देशातलं सात वर्षांचं ते देवालाच ठाऊक.

पंख बाद केले, ते सोपं होतं. शेपूट लांबवलं. पण साक्षीचं माप? टेप गळ्याशी नेली की ती मागे सरकायची. एकदा, दोनदा. माझा पारा चढायला लागला. तेवढ्यात तिने चपला काढल्या आणि स्वतःच त्या कागदावर जाऊन पालथी पडली. हात अंगाशी, हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले. काठावर ऊन खात पडलेलं माणगें अगदी!

"आवशीक! हलू नकोस गो," मी म्हटलं, आणि खडू घेऊन तिच्याभोवती रेघ ओढली. ती उठली तेव्हा रेघेच्या बाहेर चारी बाजूंनी वीतभर परदेशी पोर शिल्लक होतं.

आता कागद लहान करायचा तर नवशिके खालून कापतात. त्याने पाय आखूड होतात हे खरं, पण कंबर गुडघ्याकडे जाते आणि शेपूट पोटरीवर लोंबतं. म्हणून कापायचं नाही. छातीवर एक आडवी घडी, पोटावर एक, मांडीवर एक, पाठीच्या मधोमध एक उभी. घड्यांना टाचण्या. मग बाहीचा मुंढा मुंढ्याच्या जागी येतो, कंबर कंबरेला, आणि शेपूट जिथे असायला हवं तिथे. साक्षी उकिडवी बसून बघत होती. तिने पोटावरची घडी उघडली, पुन्हा दाबली, पुन्हा उघडली. मग आईचा कान.

"घडीतलं पोरगं कुठं गेलं, म्हणून इचारतीया," रत्ना म्हणाली.

असला प्रश्न मला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. "आत निजलंय," मी म्हटलं. "तू मोठी झालीस की घडी सोडायची. येतं बाहेर."

साक्षीने घडीवरून हळूच बोट फिरवलं.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळा सुटली की एकटीच यायला लागली. रत्ना मागाहून न्यायला यायची. पोर यायची, प्लास्टिकच्या पिशवीतून शिंपल्या, आम्ही खातो त्या तिसऱ्यांच्या, काढायची आणि जमिनीवर मांडत बसायची. पाठीवर शिंपल्याच हव्यात हा तिचा हट्ट. मी म्हटलं, त्यांना भोकं कोण पाडणार, माझा बाप? तर तिने एक शिंपली उचलून माझ्या नाकासमोर धरली. तिला बारीक, गोल भोक होतं. पिशवीत तशा बऱ्याच होत्या, नदीकाठावरून वेचून आणलेल्या.

"कुणी पाडलं गो हे?"

तिने खांदे उडवले. मलाही ठाऊक नव्हतं. दोघी शिंपली उजेडाकडे धरून एकेका डोळ्याने भोकातून रस्ता बघत बसलो. संध्याकाळी आमच्या ह्यांना विचारलं, ते म्हणाले गोगलगायीसारखा कसला जीव असतो, तो पोखरतो आणि आतलं मांस खातो. दुसऱ्या दिवशी मी ते साक्षीला सांगितलं. तिचे डोळे आणखी मोठे झाले. ती उठली, माझ्या खुर्चीजवळ आली, आणि माझ्या कानाशी तोंड आणलं. आईच्या नव्हे, माझ्या! हातातली सुई तशीच धरून मी श्वास रोखला.

"माणग्याला जीभ आसती," ती कुजबुजली. "पर खाली चिकटल्याली. भाईर काढता येत न्हाई. बाबांनी मोबाईलमदी दाखवलं. तरीबी लोक त्येला नारळ फोडत्यात."

एवढं बोलून ती शिंपल्यांकडे परत गेली.

कळलं मला पोर तिथून का हलत नव्हती ते. ती गेल्यावर मी जीभ खाली दाबून धरून "शिंपली" म्हणून बघितलं. नुसता आवाज निघाला. आमचे हे दारात उभे होते, म्हणाले, दात दुखतोय काय?

आता माझ्या हातून काय झालं ते ऐका. आमच्याकडे पोराचा कपडा वाढत्या अंगाचाच शिवायचा. गणपतीच्या चवथीला शिवलेला फ्रॉक पुढल्या चवथीला अंगाला बसतो, तोवर पोर त्यात पोहतं. माझ्या आईचं असंच, तिच्या आईचं असंच. मी माणग्याच्या कापडालाही आतून दाब ठेवले, सोडता येतील अशा घड्या घातल्या, बाह्या दोन बोटं जास्त धरल्या.

"मावशी, एका दिसाचं सोंग ते," रत्ना म्हणाली.

"तू गप्प. माझ्या दुकानातून नेमक्या मापाचा कपडा कुठल्या पोराला गेलेला नाही!"

टोपी म्हणजे माणग्याचा वरचा जबडा, आत फोम घातलेला, दात पांढऱ्या फेल्टचे. तिला घडी घातली तर माणग्याला सर्दी झाल्यासारखं नाक दिसायचं. म्हणून ती मी छापील मापाचीच ठेवली. डोकं काय, वाढणारच. घालून बघितली तर अगदी बरोबर बसली. जबड्याखालून साक्षीचा चेहरा छान दिसत होता. मी स्वतःवर खूश झाले.

संमेलनाच्या दिवशी मी पहिल्या रांगेत. मुळगावहून माझी बहीण शांता आली होती, तिला ओढून आणलं. ससे झाले, पोस्टमन झाला, एक पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, उंड्यांची पाटी घेऊन आला आणि उंडा खातच परत गेला. मग साक्षीचं नाव पुकारलं. हिरवं माणगें शिंपल्या वाजवत मंचाच्या मधोमध आलं. पुढची पोरं मागे सरकली, इतकं ते खरं दिसत होतं. हर्षा टीचर पडद्याआड कागद घेऊन उभी. साक्षीने समोर बघितलं. तिची सगळी वर्गपलटण खाली मांडी घालून बसली होती. ओठ घट्ट मिटले, मान खाली गेली.

आणि टोपी सुळकन खाली आली. पार हनुवटीपर्यंत. चेहरा गायब, नुसता जबडा!

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुकानात ती यायची ती शाळेच्या दुमडलेल्या वेण्या घालून. त्या दोन गाठींवर टोपी टेकायची. आज रत्नाने न्हाऊ घालून एकच वेणी पाठीवर सोडली होती. नाकापेक्षा मोती जड! घोळ माझा, तोही वाढत्या अंगाच्या हौसेपायी. मी पिशवीतली टाचणी काढून उठले, शांता पदर ओढतेय, मी म्हणतेय सोड मला. पलीकडे रत्नाने दोन्ही हात तोंडावर घेतले होते.

तेवढ्यात टोपीच्या आतून आवाज आला.

"मी माणगें हाय."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. पण कोण हसलं ते माणग्याला दिसलंच नाही. ते पुढे बोलत राहिलं.

"मी नदीत ऱ्हातो. माझ्या पाठीवर शिंपल्या हाईत. एकेका शिंपलीला भोक हाय, ते गोगलगाईनं पाडलंय. माझी जीभ खाली चिकटल्याली हाय, मला ती भाईर काढता येत न्हाई. पर मला जीभच न्हाई असं कुणी समजू नगा."

टीचरच्या कागदावर यातलं अक्षरही नव्हतं. ती कागद खाली करून नुसती बघत होती. मग टाळ्या पडल्या, आणि माणगें भलत्याच बाजूला वळून पडद्यावर आपटलं, तेव्हा सगळे हसले. पण ते हसणं निराळं होतं. रत्ना रडत होती. मी टाचणी हातात तशीच धरून रडत होते, आणि ती बोटात घुसली होती ते मला घरी गेल्यावर कळलं.

बक्षीस पोदेराला मिळालं.

सोमवारी साक्षी टोपी हातात घेऊन दुकानात आली. मी वाटच बघत होते. टोपीचं शल्य मला झोपू देत नव्हतं. "आण इकडे," म्हटलं, "आतून इलास्टिक घालते. मग कशी पडते ते बघू. माझ्या हातचा कपडा असा पडलेला नाही आजवर."

तिने टोपी पाठीमागे लपवली. मी हात पुढे केला तशी दोन पावलं मागे सरली, आणि टोपी डोक्यावर घातली. घातली ती सरळ हनुवटीपर्यंत खाली ओढली. आई सोबत नव्हती, कुणाच्या कानात सांगायचं नव्हतं.

"नगं मावशी," आतून आवाज आला, चांगला मोठा. "आसू दे. वाढत्या डोक्याची हाय. मी मोठी झाले की आपसूक वर सरकंल."

"सरकेल गो बाय," मी म्हटलं. माझा आवाज मात्र बारीक निघाला.

तिने एका बोटाने जबड्याची कड जराशी उचलली आणि खालून माझं तोंड नीट निरखून बघितलं, मी हसते की काय ते. मी हसत नव्हते.