लांब पाऊल, आखूड पाऊल

इस्त्रीच्या दुकानावरच्या माळ्यावर कराटेचा वर्ग सुरू झाला आणि दणादण पाय आपटायला लागले. दुकानवाल्या बाई भांडायला म्हणून वर गेल्या, त्या नाव घालूनच खाली आल्या. साठी उलटलेली बाई! नातेवाइकांनी हसून घेतलं. बाईंनी त्यांना भीक घातली नाही. पांढरा पोशाख स्वतः कडक इस्त्री करून घातला आणि पोरासोरांच्या रांगेत उभ्या राहिल्या.

मग पिवळ्या पट्ट्याची परीक्षा आली. शिक्षिका त्यांच्या धाकट्या लेकीहून लहान, तिला काही विचारायचं तर बाईंच्या जिवावर येई. त्यापेक्षा घरची सून बरी. ती माहेरी शोतोकान पद्धतीचं कराटे शिकलेली. तिनं स्वयंपाकघरात सासूकडून रोज लांब पाऊल घोटून घेतलं, गुडघा वाकवून, पार खाली. वर्गात वेगळं दाखवतात हे बाईंना दिसत होतं. पण पोरं आळशी आहेत, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

परीक्षेत बाईंनी तेच लांब पाऊल टाकलं. वर्ग बघत राहिला. दारापाशी बसलेल्या सुनेचा चेहरा उतरला.

"हे कुणी शिकवलं?" शिक्षिकेनं विचारलं.

पट्टा हातचा चालला, हे बाईंनी ओळखलं. पण सुनेवर खापर फोडणं काही त्यांना जमणारं नव्हतं.

"आमच्या घरी असंच उभं राहतात," त्या म्हणाल्या.

शिक्षिकेला हसू आलं. म्हणाली, घरचं चूक नाही, ती शोतोकानची चाल, लांबून झेपावून मारायची. आपली पद्धत गोजू-ऱ्यू. इथं जवळ भिडायचं, म्हणून पाऊल आखूड, बोटं आत वळलेली, श्वास पोटातून. असं करून दाखवा.

बाईंनी पावलं आवळली. अगं बाई, इस्त्रीच्या टेबलापाशी आपण जन्मभर असंच तर उभे आहोत! शिक्षिकेनं खांद्यांवर थापा मारल्या, मागून ढकलून पाहिलं. बाई जागच्या हलल्या नाहीत.

पट्टा मिळाला. घरी आल्यावर सून मान खाली घालून म्हणाली, "माझ्यामुळे तुमचं नाक कापलं जाणार होतं, आई."

"माझं नाक इतकं स्वस्त नाही. चल, तू तुझं लांब पाऊल टाक, मी माझं आखूड. बघू कोण हलतं ते."

गॅसवरचं दूध उतू गेलं, तरी दोघींतली एकही हलली नाही.