सेनापती आणि पावाचं पीठ

सासूबाईंचा कॉम्प्युटर बिघडला की बोलावणं जावयाला यायचं. तो कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. दातांतलं त्याला पुष्कळ कळे, कॉम्प्युटरमधलं बेताचंच. पण बंद करून पुन्हा चालू केलं की दहातल्या सात वेळा यंत्र ताळ्यावर येई, आणि त्या पुण्याईवर सासुरवाडीत त्याचा मान टिकून होता.

सासूबाई कोर्टात स्टेनो होत्या. निवृत्त झाल्या आणि त्यांना अ‍ॅनिमेचं, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचं, वेड लागलं. मालिका बघायची आणि ब्लॉगवर परीक्षण लिहायचं, तेही निकालपत्राच्या थाटात: 'निळ्या केसांची मुलगी हजर. रडण्याचं कारण सांगत नाही.' वाचक चार हजारांवर गेले होते.

या खेपेला तक्रार आवाजाची होती. जावयाने स्पीकरची सैल झालेली पिन दाबून बसवली आणि तपासायला एक भाग लावला. पडद्यावर लोखंडी राक्षस शहर तुडवत होते. सेनापतीने तलवार उपसून गर्जना केली आणि खाली अक्षरं उमटली: 'लोणी जरा मऊ होऊ द्या, घाई नको.'

जावयाने भाग थांबवला. तीन महिन्यांपूर्वी कॉम्प्युटर आवरताना सबटायटल्सच्या फाइलींना नवी नावं त्यानेच दिली होती. ही युद्धाची आणि दुसरी बेकरीची, अशा दोन मालिकांचे संवाद एकमेकींच्या घरी जाऊन पडले होते.

"आई, हे रोज असंच दिसतं?"

"असंच. सव्वीस भाग झाले," सासूबाई म्हणाल्या. "शहर जळतंय आणि हा माणूस पिठाची काळजी करतोय. साडेनऊ गुण दिलेत मी. युद्धावर इतकं शहाणं कुणी लिहिलं नसेल."

"आणि ती बेकरीची मालिका?"

"ती भयंकर आहे. म्हातारी केक कापता कापता म्हणते, एकही जिवंत सुटता कामा नये. दोन गुण."

जावयाने स्वयंपाकघरात जाऊन बायकोला फोन लावला. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणाली. "काही बोलू नकोस, घरी ये." पण त्याला राहवेना. बाहेर येऊन त्याने सगळं कबूल केलं.

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे तीन महिने मी खोटी साक्ष नोंदवत होते."

त्यांनी त्याला फाइली दुरुस्त करायला लावल्या आणि शेजारी बसवून पहिला भाग पुन्हा बघितला. सेनापती म्हणाला, 'हल्ला करा.' थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, 'हल्ला करा.' बाराव्या मिनिटाला सासूबाईंना जांभई आली. तरी कर्तव्य ते कर्तव्य. त्यांनी तिथल्या तिथे शुद्धिपत्र लिहिलं आणि त्यात 'जावयाच्या हातून' हे शब्द ठळक केले.

वाचकांची दोनशे उत्तरं आली. सासूबाईंवर कुणीच रागावलं नव्हतं. राग होता तो जावयावर, आणि तोही चूक दुरुस्त केल्याबद्दल. आपल्याकडचा सेनापती लोण्याचं नावच काढत नाही, म्हणजे आपलाच कॉम्प्युटर बिघडलाय, अशी कित्येकांची समजूत झाली होती. एका गुरांच्या डॉक्टरने तर त्यापायी नवा कॉम्प्युटर घेतला होता. सगळ्यांना त्या चुकलेल्या फाइली हव्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, रविवारी या. फाइली परत चुकवायच्या आहेत. पण या वेळी नीट, विचार करून."

रविवारी दोघं कामाला बसले. गुप्तहेराचे संवाद पोहणाऱ्या मुलांना द्यावेत, असं जावयाने सुचवलं. "उगाच हसवायला बघू नका," म्हणून त्यांनी ते फेटाळलं. अखेर वकिलांच्या मालिकेतली वाक्यं एका पेंग्विनला मिळाली. पेंग्विन बर्फाच्या कड्यावर आला, खालच्या काळ्या पाण्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, 'माझे अशील त्या रात्री घरीच होते.'

जावयाला त्या अशिलाची खरोखरच काळजी वाटू लागली. सासूबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि मान न वळवता म्हणाल्या, "पुढचा भाग लावा."